थायरॉइड, पाळी आणि बाळ: नुकतीच गोळी सुरू झालेल्या मुलींसाठी, पायरी पायरीने

दिवस गेले की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आमच्या सांगलीकडे हे असंच, तुमच्याकडेही असणारच. नजर लागते म्हणे. नजरेचं मला काही कळत नाही पण जिला थायरॉइडचा त्रास आहे तिच्यासाठी हेच पहिले तीन महिने सगळ्यात महत्त्वाचे असतात आणि नेमके तेच गुपचूप बसण्यात जातात. का, तर पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत कामाला लागलेलीच नसते, आणि पुरेसं हार्मोन बनवायला तिला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर बाळाच्या मेंदूची जी काय जडणघडण चालते तिला लागणारं हार्मोन आईच्या रक्तातूनच जातं. आईकडेच तुटवडा असेल तर बाळाला कुठून मिळणार.

म्हणून जावेला सांगू नका, शेजारच्या काकूंना सांगू नका, फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नको, पण पाळी चुकली त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा आणि टीएसएच ही थायरॉइडसाठीची रक्ताची टेस्ट करून घ्या. मला जे सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं हे नीट जमावं म्हणून आधी आणि नंतर काय काय करायचं त्याचं आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. अकरा वर्षं रोज सकाळी गोळी घेतेय, दोन बाळंतपणं झाली, पहिलं सगळा घोळ घालून आणि दुसरं नीट विचारून-वाचून. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, माझा आकडा बघून नाही.

पायरी १: आधी भानगड काय आहे ते समजून घ्या

"मला थायरॉइड आहे" असं आपण सगळ्या म्हणतो, खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो, माझ्या नवऱ्यालाही आहे. ती गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, ती टी-थ्री आणि टी-फोर ही हार्मोन्स बनवते आणि शरीराचं सगळं मशीन किती जोरात चालवायचं ते त्यावर ठरतं. बिघाड दोन तऱ्हेचा, हार्मोन कमी पडलं तर हायपो आणि जास्त झालं तर हायपर. आपल्यातल्या बहुतेकींना हायपो असतो, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटते, हाशिमोतो म्हणतात त्याला, १९१२ साली ज्या जपानी डॉक्टरने हे पहिल्यांदा लिहून ठेवलं त्याचं नाव.

आता टीएसएच. इथे नव्या मुली हमखास गोंधळतात. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं आहे. घरात कुणीतरी हाक मारतंय आणि पोरगं उठत नाहीये असं समजा, पोरगं जितकं आळशी तितका हाकेचा आवाज वाढत जातो. टीएसएच म्हणजे ती हाक. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड सुस्त पडलाय, टीएसएच एकदम खाली गेला म्हणजे थायरॉइड फार जोरात चाललाय. माझा ११ आला होता तेव्हा आमच्या आत्या म्हणाल्या थायरॉइड वाढलाय गं, गोळी कमी कर. हे इतकं कॉमन आहे की विचारू नका.

पायरी २: आपली पाळी काय सांगतेय ते बघा

मला लग्नानंतर दीड वर्ष पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा त्रास, म्हणून औषधं चालू होती. पाळी चाळीस दिवसांनी, कधी पन्नास, आली की सात-आठ दिवस जोरात, वजन वाढलेलं, केस गळतायत, दुपारी तीन वाजता ऑफिसात डोळे मिटायला लागायचे. सोनोग्राफीत अंडाशय थोडं तसं दिसलं म्हणून शिक्का बसला. टीएसएच कुणी केलाच नाही, आणि मीही विचारलं नाही कारण मला माहीतच नव्हतं विचारायचं असतं. मग दुसऱ्या मॅडमकडे गेले तर त्यांनी पहिल्याच दिवशी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन लिहून दिलं आणि दोन्ही वाढलेले निघाले.

दोन्ही का, ते मला त्यांनीच समजावलं. थायरॉइड सुस्त पडला की मेंदू वरून जोर लावतो, आणि ज्या संदेशाने टीएसएच वाढतो त्याच संदेशाने प्रोलॅक्टिनसुद्धा वाढतं, म्हणजे दूध येण्याचं हार्मोन. प्रोलॅक्टिन वाढलं की अंडं वेळेवर फुटत नाही, अंडं फुटलं नाही की पाळी लांबते, आणि मग जी येते ती भरमसाट. काहींना तर बाळ नसताना छातीतून थोडं दूधासारखं येतं आणि त्या घाबरून जातात. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर यातलं बरंचसं आपोआप जागेवर येतं, माझी पाळी चार-पाच महिन्यांत बत्तीस दिवसांवर आली. पीसीओडीचं निदान पक्कं करायच्या आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बघायचं असतं असा नियमच आहे, तेव्हा तुम्हाला कुणी पीसीओडी सांगितलं असेल आणि फायलीत टीएसएचचा कागद नसेल तर सरळ विचारा. दोन्ही एकदम असणाऱ्याही असतात, तेही आहे.

हायपर असेल तर उलट, पाळी अगदी थोडी येते किंवा मध्येच गायब होते, खाऊनही वजन उतरतं, छातीत धडधड, हात थरथरतात, घाम. आणि पाळी अगदी घड्याळासारखी असली तरी थायरॉइड बिघडलेला असू शकतो, त्यामुळे पाळीवरून फक्त संशय घ्यायचा, उत्तर रक्तातच मिळतं.

पायरी ३: टेस्ट

सुरुवातीला टीएसएच, आणि तो बिघडलेला निघाला तर फ्री टी-फोर. अँटी-टीपीओ नावाची अँटिबॉडीची टेस्ट (आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलीय का ते दाखवणारी) आयुष्यात एकदा केली तरी पुरते, ती पॉझिटिव्ह आली की आली, दर वेळी तीच तीच करून पैसे घालवू नका. त्यासाठी उपाशी राहायची सक्ती नसते, पण दर वेळी साधारण एकाच वेळेला आणि एकाच लॅबमध्ये द्या कारण टीएसएच दिवसभरात खालीवर होतो आणि लॅबालॅबांतही फरक पडतो. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. केस गळतात म्हणून आपण बायोटिनच्या गोळ्या घेतो ना, त्याने काही मशीनवर रिपोर्ट चक्क चुकीचा येतो, हायपर नसताना हायपर असल्यासारखा दिसतो. दोन-तीन दिवस आधी त्या बंद करून मग रक्त द्या.

डोस बदलला की लगेच पुढच्या आठवड्यात टेस्ट करून काही कळत नाही, नव्या डोसवर टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात (प्रेग्नन्सीत मात्र चार आठवड्यांनी बघतात, ते पुढे येईल).

पायरी ४: गोळी घ्यायची कशी

ह्या पायरीवर जास्त थांबते कारण माझ्या पाहण्यात जेवढ्या बायकांचा टीएसएच गोळी घेऊनही वर राहिलाय त्यातल्या निम्म्यांचं कारण गोळी नाही, चहा आहे.

गोळी लेवोथायरॉक्सिनची, बाजारात थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन वगैरे नावांनी बाटलीत मिळते. सकाळी उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, भिजवलेले बदाम नाहीत, ते लिंबू-मध-गरम पाणीही नंतर. दुधाचा चहा तर नकोच कारण दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं आणि ती रक्तात जातच नाही. एकत्र कुटुंबात हे अवघड असतं हे मला माहितेय, सासूबाई सहाला चहा टाकतात आणि आपण नको म्हटलं की वाईट दिसतं. मी बाटली उशाशी ठेवते आणि पाचला जाग आली की घेऊन परत झोपते. ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवून तीन तास झालेले पाहिजेत, आणि आपल्याकडे दहाला जेवणारी घरं आहेत त्यांचं काय ते त्यांनी बघावं.

खरा घोळ होतो तो प्रेग्नन्सीत, कारण चौथ्या महिन्यापासून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू होते आणि दोन्ही ह्या गोळीच्या वैरी. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास अंतर हवं. वर लोह आणि कॅल्शियम एकमेकांबरोबरही घ्यायचं नसतं. माझं दुसऱ्या वेळचं वेळापत्रक असं होतं: पहाटे थायरॉइड, सातला चहा-नाश्ता, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, पाच वाजता लोहाची गोळी लिंबू सरबताबरोबर (चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नाही), रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम. फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. नवऱ्याला पाठ झालं होतं माझ्या आधी.

गोळी विसरली तर रडत बसू नका, आठवल्यावर घ्या. हे औषध शरीरातून निम्मं जायला सातेक दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने आभाळ कोसळत नाही, पण आठवड्यातून तीनदा विसरत असाल तर मग मोबाइलला अलार्म लावा. बाटली बाथरूममध्ये किंवा गॅसच्या वरच्या फळीवर नको, ओल आणि उष्णतेने ती खराब होते. कंपनी शक्यतो तीच ठेवा, मेडिकलवाल्याने दुसरी दिली तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा.

आणि "एकदा लागली की सुटत नाही" म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: हे नशेसारखं लागणं नाहीये. जे हार्मोन शरीराने बनवायचं ते बनत नाही म्हणून बाहेरून तेच देतोय. चष्मा लागला की कुणी म्हणतं का सवय लागेल.

पायरी ५: बाळाचा विचार सुरू झाला की, म्हणजे दिवस जायच्या आधी

गोळी चालू असेल तर दिवस जायच्या आधी टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवायचा असतो. एरवी ४ पर्यंत चालून जातं, पण इथे हात राखून ठेवायचा कारण दिवस गेले की शरीराची मागणी एकदम वाढते. आकडा जागेवर येईपर्यंत दोन-तीन महिने थांबायला सांगितलं तर थांबा, घरचे घाई करतात, करू देत. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या किंवा बंद केल्या तरी डोस हलतो, त्याची आठवण डॉक्टरांना आपणच करून द्यायची.

फोलिक अ‍ॅसिड आत्तापासूनच. मीठ आयोडिनचं. ह्याबद्दल जरा सांगते, कारण हल्ली सैंधव आणि गुलाबी मिठाचं खूळ आलंय. गलगंड आठवतो का, जुन्या लोकांच्या गळ्याला मोठी गाठ दिसायची, ती आयोडिनच्या कमतरतेची. आपल्याकडे १९६२ पासून सरकारचा गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे आणि २००६ पासून खाण्यासाठी बिन-आयोडिनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे, आपल्यापर्यंत येणाऱ्या मिठात एका किलोला कमीत कमी १५ मिलिग्रॅम आयोडिन असायला लागतं. गरोदरपणात आयोडिनची गरज दिवसाला १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते. एकादशीला शेंदेलोण खाल्लं तर काही बिघडत नाही, पण रोजच्या स्वयंपाकातलं मीठ काढून वर्षभर सैंधव घालत असाल तर ते परत बदला. मीठ जास्त खायचं नाहीये, योग्य मीठ खायचंय.

हायपर असणाऱ्यांनी ही पायरी तर वगळूच नका. त्यांना बहुतेक वेळा कार्बिमॅझोल चालू असतं आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याने बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून आधीच बोलून ठेवलं तर डॉक्टर त्या काळापुरतं दुसरं औषध, पीटीयू, देतात किंवा आधीच काही कायमचा उपाय करतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, ते आणखी वाईट. रेडिओआयोडिनचा उपचार झाला असेल तर त्यानंतर निदान सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. आणि ग्रेव्हज (प्रतिकारशक्तीच्या अँटिबॉडीमुळे होणारा हायपर) पूर्वी होऊन गेला असेल, ऑपरेशन होऊन आता सगळं नॉर्मल असेल, तरीही सांगा, कारण त्या अँटिबॉडी रक्तात राहिलेल्या असतात आणि वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतात.

ज्यांचा टीएसएच नॉर्मल आहे पण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आहे आणि गर्भपात झालेत, त्यांना वाटतं गोळी घेतली तर टिकेल. ब्रिटनमध्ये नेमका ह्यावर मोठा अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, अशा बायकांना रोज ५० मायक्रोग्रॅम देऊनही जिवंत बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे कुणी दिली तर चूक असं मी म्हणत नाही, पण त्या गोळीवर सगळी आशा लावून बसू नका, बाकीची कारणंही शोधा. आयव्हीएफ करत असाल तर त्या इंजेक्शनांनी टीएसएच वर जातो, तेव्हा मध्ये मध्ये तपासणं आलंच.

पायरी ६: पाळी चुकली, पट्टीवर दोन रेषा आल्या

माझी पहिली चूक इथेच झाली. दोन रेषा मी सहाव्या आठवड्यात बघितल्या, आईला सांगितलं, आई म्हणाली आत्ताच गाजावाजा नको, डॉक्टरकडे पुढच्या महिन्यात जाऊ. गेले ते अकराव्या आठवड्यात. जुनाच डोस चालू होता, टीएसएच ७ च्या वर. मॅडम ओरडल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या, ते जास्त लागलं. मुलगा आता शाळेत आहे, ठीक आहे, गणितात माझ्यापेक्षा बरा आहे. पण ते उरलेले सहा महिने मी ज्या धास्तीत काढले ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

करायचं असं. ज्या थायरॉइडची गोळी आधीपासून घेतात त्यांनी डॉक्टरांना दिवस जायच्या आधीच विचारून ठेवायचं की पट्टी पॉझिटिव्ह आली तर मी त्याच दिवसापासून काय करू. बरेच डॉक्टर सांगतात की आठवड्याला सात गोळ्यांच्या जागी नऊ घ्या, म्हणजे दोन दिवस डबल, आणि लगेच टीएसएच करून या. हे मनाने काढलेलं नाही, २५ ते ३० टक्के डोस वाढवायचा हा सोपा हिशोब आहे. बॉस्टनमध्ये २००४ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की काही बायकांची गरज पाचव्या आठवड्यातच वाढायला लागते आणि अर्ध्या प्रेग्नन्सीपर्यंत सरासरी निम्म्याने वाढते. पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा! आपण तर तेव्हा अजून कॅलेंडरवर बोटं मोजत असतो. पण आधी ठरलं नसेल तर स्वतः डबल घेऊ नका, फोन करा, हृदयाचा त्रास किंवा हायपर असेल तर तर नाहीच.

त्यानंतर वीस आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, चांगली सोय आहे, पण ती मुळात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे, तेव्हा थायरॉइडवालीने त्या ९ तारखेची वाट बघत बसायचं नाही, आधीच नाव नोंदवायचं.

आता आकड्यांचा वाद. एक डॉक्टर म्हणतात ३.१ आहे, गोळी घ्या, दुसरे म्हणतात ३.१ नॉर्मल आहे, आणि आपण मध्ये लटकतो. दोघंही थापा मारत नसतात. आधीच्या नियमांत पहिल्या तीन महिन्यांत २.५ च्या वर आणि नंतर ३ च्या वर म्हणजे जास्त असं होतं, २०१७ ला अमेरिकन थायरॉइड संघटनेने ते बदललं आणि जिथे तिथल्या बायकांचे स्वतःचे आकडे उपलब्ध नाहीत तिथे सुरुवातीच्या महिन्यांत ४ च्या आसपासची रेघ धरा म्हटलं. काही डॉक्टर जुन्यावर आहेत, काही नव्यावर, काही अँटी-टीपीओ बघून ठरवतात. एका डॉक्टरचं धरा आणि त्यांना कारण विचारा, तीन ठिकाणी रिपोर्ट फिरवू नका. जी आधीपासून गोळीवर आहे तिला मात्र २.५ च्या खालीच ठेवतात.

भीती किती बाळगायची? ज्यांचा हायपो खरोखर जास्त आहे आणि उपचारच नाही त्यांच्यात गर्भपात, बीपी वाढणं, वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचं बाळ हे सगळं जास्त दिसतं, आणि १९९९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा उपचार न झालेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सात ते नऊ वर्षांच्या वयात सरासरी ७ गुणांनी कमी आला होता. पण हेही लगेच वाचा: सौम्य प्रकारात, म्हणजे टीएसएच थोडा वर आणि टी-फोर नॉर्मल, गोळी दिलेल्या आणि न दिलेल्या आयांच्या मुलांत पाच वर्षांच्या वयात फरक दिसला नाही, हा २०१७ चा अमेरिकेतलाच मोठा अभ्यास. त्यामुळे रिपोर्टात ४.६ आला म्हणून रात्रभर गुगल करत रडू नका. उद्या डॉक्टरांना दाखवा, आत्ता झोपा.

आणि उलट्या. पहिल्या तीन महिन्यांत प्रेग्नन्सीचं जे हार्मोन वाढतं, एचसीजी, ते थायरॉइडलाही डिवचतं, म्हणून टीएसएच आपोआप खाली जातो, जुळं असेल किंवा उलट्या खूप असतील तर फारच खाली. रिपोर्टवर लाल अक्षरात लो दिसतं. बहुतेक वेळा ते हायपर नसतं आणि त्याला औषधही लागत नाही, पुढे आपोआप निवळतं, पण धडधड जास्त असेल, गळा सुजलेला असेल तर दाखवा.

पायरी ७: मधले महिने

इथे फार काही नाही. गोळी, टेस्ट, सोनोग्राफी. थायरॉइड आहे म्हणून सिझेरियनच करावं लागतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डोहाळजेवणाच्या दिवशीही गोळी पहाटेच.

पायरी ८: बाळंतपणानंतर, जेव्हा सगळे आईला विसरतात

प्रसूती झाली की डोस बहुतेक वेळा आधीच्या आकड्यावर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघतात. डिस्चार्जच्या कागदावर हे लिहून घ्या, त्या गडबडीत राहून जातं आणि मग तोच वाढीव डोस चालू राहतो, धडधड होते, झोप लागत नाही आणि वाटतं बाळामुळेच. अंगावर पाजायला ह्या गोळीचा काही अडथळा नाही, अजिबात नाही. माहेरी आईने डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू आणि दूध पहाटेच पुढे केलं तर तेवढं तासभर मागे ढकला.

बाळाची टाचेतून घेतलेल्या रक्ताची टीएसएच टेस्ट झाली का ते विचारा. जन्माला आल्या आल्या टीएसएच नैसर्गिकपणेच वर असतो म्हणून ती दोन दिवस उलटल्यावर, पाचव्या दिवसापर्यंत करतात. जन्मतः थायरॉइड नसलेलं बाळ दिसायला अगदी छान गुटगुटीत असतं, काही कळत नाही, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं. आईला थायरॉइड असो नसो, ही टेस्ट प्रत्येक बाळाची व्हायला हवी, आपल्याकडे सगळीकडे आपोआप होत नाही, म्हणून मागून घ्या.

आता एक असं दुखणं जे थायरॉइड कधीच नव्हता अशा बाईलाही होतं. बाळंतपणानंतर वर्षभरात ग्रंथीला सूज येते, आधी साठवलेलं हार्मोन एकदम बाहेर पडतं म्हणून दोन-चार महिने चिडचिड, धडधड, वजन झपाट्याने कमी, आणि मग ग्रंथी रिकामी झाल्यावर उलटं, सुस्ती, उदास वाटणं, केस गळणं, बद्धकोष्ठता, दूध कमी. वीस बाळंतिणींत एकीला तरी होतं, आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्यांना कितीतरी जास्त. माझ्या वहिनीला झालं. घरातले सगळे म्हणत होते बाळंतिणीला अशक्तपणा असतोच, जागरणं आहेत, मूल पहिलं आहे, आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. पाचव्या महिन्यात टीएसएच केला तर २० च्या पुढे. सहा-आठ महिने गोळी घेतली आणि हळूहळू सुटली, बहुतेकींची वर्षभरात सुटते, काहींना कायमची लागते. तिला पुढच्या बाळंतपणातही हे परत होऊ शकतं हे तिने आत्तापासून डायरीत लिहून ठेवलंय. बाळंतीण खूप उदास दिसली तर मनाच्या डॉक्टरकडे जरूर न्या, पण त्याबरोबर टीएसएचसुद्धा करा.

पथ्याचं काय

कोबी-फ्लॉवर शिजवून खा, काही होत नाही, कच्च्या कोबीचं गठ्ठ्याने सॅलड कुणी खात असेल तर तिचा प्रश्न. सोयाबीन चालतं पण गोळीपासून लांब. धण्याचं पाणी प्यायचं तर प्या, गोळीऐवजी नाही, आणि पहाटेच्या गोळीबरोबर तर नाहीच. योगासनं केली की बरं वाटतं, माझंही वाटतं, टीएसएच मात्र त्याने उतरलेला नाही.

पहिल्या अपॉइंटमेंटला जाताना जुने सगळे टीएसएच एका कागदावर तारखेसकट उतरवून न्या आणि गोळीची बाटलीच पर्समध्ये टाका, कारण "ती पांढरी, छोटी" असं सांगून पन्नासची होती की पंचाहत्तरची हे कुणालाच कळत नाही.